सोसायटीच्या अहवालांत पाण्याचें पान

मोठमोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल अलीकडे पूर्वीपेक्षां बरेच जाड झाले आहेत. भागीदारांस नफा किती वांटला, कर्ज किती फेडलें, यंत्रांचा घसारा किती धरला, एवढें सांगून पूर्वी अहवाल संपत असे. आतां त्यापुढें आणखी एक प्रकरण जोडलेलें असतें. कारखान्यानें वर्षभरांत नदींतून व जमिनींतून किती पाणी उपसलें, कोळसा व वीज किती खर्चिली, धूर व घाण किती बाहेर टाकली, कामगारांस अपघात किती झाले, असा मजकूर त्यांत असतो. भागबाजारावर देखरेख करणाऱ्या 'सेबी' या मंडळानें इ. स. २०२१ मध्यें या प्रकरणाचा नमुना ठरवून दिला, आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानें पहिल्या एक हजार कंपन्यांवर तो बंधनकारक केला. विद्वान् लोक या विषयास 'शाश्वतता' म्हणतात. व्यवस्थापनशास्त्राच्या महाविद्यालयांतून त्याचें अध्यापन होतें, त्यावर नियतकालिकें निघतात, आणि प्रबंधांची तर गणतीच नाहीं. शेतकऱ्याच्या बोलींत या शब्दाचा अर्थ एवढाच कीं, ज्या मूळ सामानावर धंदा चालतो तें संपूं न देतां धंदा करावा.

कंपन्यांनीं आपल्या अहवालांत काय लिहावें याच्याशीं कुणब्यास काय कर्तव्य, असें आमचे वाचक म्हणतील. कर्तव्य आहे, आणि तें दोन बाजूंनीं आहे. पहिली बाजू बाजाराची. सेबीनें २०२३ मध्यें या नमुन्याचा गाभा म्हणून कांहीं बाबी वेगळ्या काढल्या, व मोठ्या कंपन्यांनीं आपणांस माल पुरविणारांचीही माहिती द्यावी असें ठरविलें. पुढें २०२५ मध्यें हा पुरवठादारांचा भाग ऐच्छिक केला. ऐच्छिक असला तरी प्रश्न विचारण्याची चाल एकदां पडली म्हणजे ती मध्येंच थांबत नसते. साखर, दूध, कापूस, द्राक्षें घेणारा मोठा गिऱ्हाईक आज आपल्या पुरवठादारास विचारील, आणि तो पुरवठादार उद्यां आम्हांस विचारील कीं, या मालास पाणी किती लागलें ? त्या वेळीं उत्तर आमच्या दप्तरांत नसेल, तर दुसरा कोणीतरी आमच्या वतीनें तें लिहून देईल. दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. गांवोगांवच्या सोसायट्या, दूधसंघ व सहकारी साखर कारखाने ह्याही संस्थाच होत. त्यांच्या अहवालांत भागभांडवल असतें, थकबाकी असते, खतविक्री असते, लाभांश असतो. परंतु ज्या पाण्यावर व मातीवर हें सगळें उभें आहे त्यांस ताळेबंदांत एक रकानाही नाहीं. तो रकाना सभासदांनीं स्वतः उघडावा, आणि नुसता उघडून न थांबतां त्यावरून दरसाल पिकांचा नियम करावा, असें आमचें म्हणणें आहे.

हा विचार पाश्चात्यांकडे कसा उपजला तें पाहण्यासारखें आहे. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत फ्रायबर्ग येथें चांदीच्या खाणी होत्या. धातु गाळण्यास व खाणींत टेकू देण्यास लांकूड लागे, आणि शेंकडों वर्षें तोड होऊन आसपासचीं रानें उजाड होत चाललीं होतीं. खाणींत चांदी आहे पण ती गाळण्यास सरपण नाहीं, असा प्रसंग ओढवेल हें तेथील खाणखात्याचा मुख्य अंमलदार हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याच्या ध्यानांत आलें. त्यानें इ. स. १७१३ मध्यें वृक्षसंगोपनावर एक ग्रंथ प्रसिद्ध करून, जितकें रान वाढतें तितकेंच तोडावें, असा हिशेब घातला. आज जगभर वापरांत असलेल्या या कल्पनेचें मूळ त्या ग्रंथांत आहे असें मानतात. तो ग्रंथ कोणा तत्त्ववेत्त्यानें लिहिला नाहीं, दप्तर सांभाळणाऱ्या एका अंमलदारानें लिहिला, याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. सरकारी खात्यांत जन्म घालविलेल्या माणसास तेवढा अभिमान क्षम्य असावा.

त्यानंतर पुष्कळ काळ हा विषय वनांपुरताच राहिला. व्यापारी संस्थांच्या शास्त्रांत तो फार उशिरां शिरला. अमेरिकेंतील हॉवर्ड बोवेन यानें १९५३ मध्यें व्यावसायिकांच्या सामाजिक जबाबदारीवर ग्रंथ लिहिला. १९८७ मध्यें नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगानें, आजच्या पिढीनें आपली गरज अशी भागवावी कीं पुढच्या पिढीची अडूं नये, अशा अर्थाची व्याख्या केली. १९९४ मध्यें इंग्लंडांतील जॉन एल्किंग्टन यानें तिहेरी ताळेबंदाची कल्पना काढली. पैशाचा हिशेब एक, माणसांचा दुसरा आणि पृथ्वीचा तिसरा. ही कल्पना फारच लोकप्रिय झाली. परंतु या गृहस्थाचें खरें मोठेपण आमच्या मतें पुढेंच आहे. चोवीस वर्षांनीं, २०१८ मध्यें, कारखानदार सदोष माल परत मागवितो त्याप्रमाणें त्यानें आपली कल्पना जाहीरपणें परत मागविली. धंद्याची रीतच बदलावी म्हणून आपण तीन हिशेब सांगितले, आणि लोकांनीं त्यांतून हिशेबनिसांचें एक नवें काम तेवढें उत्पन्न केलें, असा त्याच्या तक्रारीचा आशय होता.

तक्रार पोकळ नव्हती. २०१५ च्या सप्टेंबर महिन्यांत 'डाऊ जोन्स' यांच्या शाश्वतता-निर्देशांकानें फोक्सवॅगन या जर्मन कंपनीस मोटारधंद्यांत अग्रस्थान दिलें. त्याच महिन्यांत अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें उघडकीस आणलें कीं, या कंपनीच्या डिझेल मोटारींत तपासणीच्या वेळेपुरता विषारी धूर कमी दिसावा आणि रस्त्यावर तो पुन्हां सुटावा, अशी योजना बसविलेली आहे. जगभर सुमारें एक कोटि दहा लाख मोटारींत ती निघाली. निर्देशांकांतून कंपनीचें नांव पुढच्या महिन्यांत काढण्यांत आलें, पण तोंपर्यंत त्या मोटारींनीं व्हावयाचें तें करून ठेवलें होतें. कंपन्यांस असे गुण देणाऱ्या सहा संस्थांचे निकाल ताडून पाहून बर्ग, कोल्बेल व रिगोबोन या तीन संशोधकांनीं २०२२ मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. सहाही संस्थांचें पूर्ण एकमत असतें तर त्यांच्या मापानें उत्तर १ आलें असतें. तें सरासरीनें ०.५४ आलें. म्हणजे एकीच्या यादींतील गुणी कंपनी दुसरीच्या यादींत गुणी असेलच असा भरंवसा नाहीं.

महसूल खात्यांतील माणसास यांत नवल वाटावयाचें नाहीं. एकाच शिवाराची नजर पैसेवारी तीन अंमलदारांनीं काढली तर ती तीन प्रकारची येते. आणि आंकडा पन्नास पैशांच्या आंत कीं बाहेर यावर टंचाईच्या सवलती अवलंबून असल्यामुळें पीक शेतांत कमी व कचेरींत जास्त वाढतें. सात-बाराच्या उताऱ्यावर विहीर-बागाइत लागलेलें, आणि जागेवर जावें तों विहिरींत पिंपळ उगवलेला, असा प्रकार नोकरींत असतां आम्हीं अनेकदां पाहिला. लिहिणारा खोटा असे असें नव्हे. मागील सालची नोंद पुढें ओढण्याचा तो परिणाम. ज्याला नोंद वर पाठवावयाची असते, त्याला ती शिळी झाली तरी चालतें. ज्याला तिच्यावरून उद्यां आपलें पाणी सोडावयाचें असतें, तो ती रोज ताजी ठेवतो. शाश्वततेच्या अहवालांचा सगळा दोष या एका फरकांत आहे, असें आम्हांस वाटतें.

आणि याच फरकाचा उलगडा संस्थांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईनें केला आहे. शेतकऱ्यानें वाचावें असें या अफाट वाङ्मयांत जर कांहीं असेल तर तें तिचें काम होय. १९६८ मध्यें गॅरेट हार्डिन नांवाच्या शास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें होतें कीं, सामाईक कुरणांत प्रत्येकजण आपली एक गाय जास्त सोडतो, आणि अखेर कुरण व गुरें दोहोंचाही नाश होतो. सबब सामाईक वस्तु एकतर सरकारनें ताब्यांत घ्यावी नाहींतर खाजगी करून टाकावी. हें मत कचेऱ्यांतून फार मानलें गेलें. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीं तें कागदावर खोडीत न बसतां, जगांत ज्या ज्या ठिकाणीं सामाईक पाणी, कुरणें व रानें शतकानुशतकें टिकलीं, तेथें तेथें काय चालतें तें पाहिलें. त्यांचा मुख्य ग्रंथ १९९० मध्यें निघाला आणि २००९ मध्यें त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. त्या सालचा दुसरा अर्धा भाग ऑलिव्हर विल्यमसन यांस व्यापारी कंपन्यांच्या अंतर्गत कारभाराच्या अभ्यासाबद्दल मिळाला. कंपनी आणि गांवकी यांचा विचार त्या समितीनें एकाच पंक्तीस बसविला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

त्यांच्या ग्रंथांत स्वित्झर्लंडांतील टोर्बेल या डोंगरी गांवाची हकीगत आहे. सामाईक उन्हाळी कुरणावर, हिवाळ्यांत आपल्या गोठ्यांत जितकीं जनावरें कोणी पोसूं शकेल तितकींच त्यानें सोडावीं, असा नियम तेथें १५१७ सालापासून लिहिलेला आहे. मोजणीदार नको, परवाना नको; गोठा पाहिला कीं हक्क समजला. स्पेनांतील व्हॅलेन्सिया शहरीं पाटाच्या पाण्याचे तंटे दर गुरुवारीं दुपारीं मुख्य चर्चच्या दारांत बसून शेतकऱ्यांनीं निवडलेले पंच तोंडी ऐकतात व तेथल्या तेथें निकाल देतात. नेपाळांतील पाटांच्या पाहणींत असें दिसलें कीं, शेतकऱ्यांनीं चालविलेल्या ओबडधोबड पाटांच्या शेंवटापर्यंत जितकें पाणी पोंचतें, तितकें सरकारी खात्यानें चालविलेल्या पक्क्या कालव्यांतूनही बहुधा पोंचत नाहीं.

एवढें दूर जाण्याचें कारण इतकेंच कीं, घरची गोष्ट परदेशीं मान्य झाल्यावांचून आपणांस ती खरी वाटत नाहीं. धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं आणि नाशिक जिल्ह्यांत मोसम व आरम या नद्यांच्या कांठीं फड पद्धति तीनशें वर्षांहून अधिक काळ चालत आली. नदींत बंधारा घालून पाणी कालव्यांत घ्यावयाचें, आणि बंधाऱ्याखालील भिजणारें क्षेत्र, ज्यास थळ म्हणत, त्याचे बहुधा चार फड पाडावयाचे. एका फडांत एका हंगामास एकच पीक. पुढील सालीं पिकांची फिरवाफिरव. सभासदाची जमीन बहुधा प्रत्येक फडांत थोडीथोडी असे. त्यामुळें पाणी कमी आहे असें दिसलें कीं पंच एखादा फड कोरडा ठेवीत, आणि तूट सर्वांच्याच वांट्यास थोडथोडी येई. एकाचा ऊस हिरवा आणि शेजाऱ्याचा गहूं जळाला, असें होत नसे. पाणी फिरविणारा पाटकरी आणि पाळत ठेवणारा जागल्या यांस मोबदला पिकांतून मिळे, म्हणजे पीक बुडालें तर त्यांचाही वांटा बुडे. हंगामापूर्वीं कालव्यांतील गाळ सर्वांनीं मिळून काढावयाचा, आणि कोणाचें जनावर उभ्या पिकांत शिरलें तर दंड ठरलेला. पाटकऱ्याच्या नोंदी कोणा मंडळाकडे पाठविल्या जात नव्हत्या. त्या त्याच्या डोक्यांत असत, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं सगळ्या थळास समजे.

ऑस्ट्रॉमबाईंनीं टिकाऊ संस्थांचीं जीं लक्षणें काढलीं तीं यांत जवळजवळ सगळीं सांपडतात. कोणाचा हक्क आहे व कोणाचा नाहीं हें निश्चित. नियम त्या जागेस शोभणारे. ज्यांनीं पाळावयाचे त्यांनींच केलेले. राखणदार हक्कदारांस जबाबदार. चुकणारास पहिल्यानें सौम्य व मग कडक शिक्षा. आणि तंट्याचा निकाल गांवांतच. परंतु आम्ही फड पद्धतीचे भाट नव्हों. वरच्या अंगास मोठीं धरणें झालीं, थळांत ज्याच्या त्याच्या विहिरी व इंजिनें आलीं, आणि ज्याचें पाणी पंचांच्या हातीं राहिलें नाहीं तो पंचांचें ऐकेनासा झाला. पुष्कळ ठिकाणीं फडांचें नांव राहिलें आणि काम गेलें. ज्या दिवशीं पाणी बंधाऱ्यावरून विहिरींत गेलें त्या दिवशीं तें दिसेनासें झालें, आणि न दिसणाऱ्या वस्तूचे पंच होणें कठीण, हें त्याचें कारण.

म्हणूनच विहिरीच्या काळांत ज्यांनीं हें जमविलें त्यांची आठवण ठेवावी. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें पाणी पंचायतीचा प्रयोग मांडला. पाणी जमिनीच्या प्रमाणांत द्यावयाचें नाहीं, माणशी अर्ध्या एकरापुरतें द्यावयाचें, आणि कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं, भूमिहीनासही वांटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाहीं, आणि ऊस लावावयाचा नाहीं. हे नियम मोठ्या खातेदारांच्या घशाखालीं सहजासहजीं उतरले नाहींत, आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजही उतरणार नाहींत, हें आम्ही जाणतों. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार येथें पोपटराव पवार १९८९ मध्यें सरपंच झाल्यानंतर पुढें तेथील ग्रामसभा, पाऊस किती पडला तें मापून, त्या सालीं कोणतें पीक किती घ्यावयाचें याचा अंदाज जाहीर बसून करूं लागली, आणि शेतीसाठीं विंधण विहीर घेण्यास गांवानेंच बंदी घातली. ओझरच्या बाजूस वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रांत बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या खटपटीनें १९९० नंतर शेतकऱ्यांच्या संस्था धरणाचें पाणी मापून घेऊं लागल्या. या तिन्ही ठिकाणीं पाण्याचा आंकडा आधीं आणि पीक नंतर असा क्रम आहे. आमच्या बहुतेक गांवीं पीक आधीं लावतात आणि आंकडा टँकर आल्यावर समजतो.

आंकड्याची गोष्ट निघाली आहे तर एक हिशेब करून दाखवितों. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ४,०४७ लिटर पाणी पडलें. अवर्षणी पट्ट्यांत सालाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर एकरीं सुमारें वीस लाख लिटर होतें. पाटानें भिजविलेल्या उसास एका पिकांत दोन ते अडीच मीटर उंचीचें पाणी लागतें; कमी आंकडा घेतला तरी एकरीं ऐंशी लाख लिटर. त्यांतून अंगावर पडलेला वीस लाखांचा पाऊस पूर्ण उपयोगी पडला असें उदारपणें धरून वजा करूं. साठ लाख उरले, ते विहिरींतून आले. आतां आमच्या काळ्या खडकाच्या मुलखांत पडलेल्या पावसाचा आठवा हिस्सा जमिनींत मुरला असें धरलें, तर एका एकरावर अडीच लाख लिटर मुरतात. म्हणजे एक एकर उसामागें चोवीस एकरांवर मुरलेलें पाणी खर्ची पडलें. उसाच्या सरींतून कांहीं पाणी पुन्हां खालीं झिरपतें हें खरें. म्हणून चोवीसच्या जागीं अठरा धरा. त्या अठरा एकरांपैकीं सतरा दुसऱ्यांचे आहेत. ठिबक केलें तर आंकडा बराच खालीं येतो, परंतु वांचलेल्या पाण्यावर तोच मनुष्य आणखी एक एकर ऊस लावतो, हेंही आम्हीं पाहिलें आहे.

हा हिशेब उसाच्या द्वेषानें केलेला नाहीं. १९५० मध्यें प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं सहकारी कारखाना उभा केला, त्यानें शेतकऱ्यास सावकाराच्या दारांतून उठविलें, आणि उसाच्या पैशांतून कितीक गांवीं शाळा व दवाखाने झाले. पण २०१६ च्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पिण्याचें पाणी न्यावें लागलें, तीही गोष्ट याच राज्यांतील आहे. घसारा यंत्रांचा धरतात. विहिरीची पातळी दहा वर्षांत वीस हात खालीं गेली तर तो घसारा कोणत्या खात्यावर टाकावयाचा याचें उत्तर आमच्या लेखापरीक्षकांकडे नाहीं.

तेव्हां करावयाचें काय ? सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबर अखेरपर्यंत घ्यावी लागते. पाऊस संपत येण्याचा आणि रब्बी व उसाच्या लागणीचा विचार करण्याचा तोच काळ. जुळणी आयती आहे. गांवच्या सोसायटीनें शिवाराच्या चार बाजूंच्या चार-सहा विहिरी निवडाव्या आणि ऑक्टोबर, जानेवारी व मे अशा तीन वेळां कांठापासून पाण्यापर्यंत खोली मापावी. गांवांत एक पर्जन्यमापक ठेवावा. कोणत्या पिकाचें क्षेत्र किती, हें पीककर्जाच्या मागणीच्या कागदांत सभासदवार अगोदरच लिहिलेलें असतें. त्याची फक्त बेरीज मारावयाची आहे. मातीच्या तपासणीचे जे कागद सभासदांस मिळतात, त्यांतील सेंद्रिय कर्बाचा आंकडा तेवढा उतरून घ्यावा. एवढ्याचें एक पान होतें. तें अहवालांत लाभांशाच्या आधीं छापावें. मग सभेनें ठराव करावा कीं, निवडलेल्या विहिरींची पातळी अमुक खुणेखालीं असेल तर त्या सालीं नव्या लागणीस इतक्या एकरांपलीकडे सोसायटी कर्जाची शिफारस करणार नाहीं. ठरावाच्या मागें कर्जाचें बळ असलें म्हणजे तो पाळला जातो. कंपनीच्या अहवालाच्या मागें असें कांहीं नसतें, म्हणून तो वाचून कोणी नळ बंद करीत नाहीं.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा कीं, विहीर माझी, तींतलें पाणी माझें, सोसायटीस काय अधिकार ? विहीर तुमची हें मान्य. पाणी मात्र शेजाऱ्याच्या रानांतून येतें, हें वर दाखविलेंच आहे. कायद्यासही तें मान्य नाहीं. महाराष्ट्राचा भूजलाचा कायदा २००९ चा आहे. तो २०१४ पासून अंमलांत आला, आणि खोल विंधण विहिरींवर त्यानें बंधनें घातलीं आहेत. तो गांवांत कितपत दिसतो हें ज्याचें त्यानें पाहावें. पण जें काम सोसायटीनें गोडीनें केलें नाहीं, तें केव्हांतरी कचेरी सक्तीनें करूं जाईल, आणि कचेरीच्या हातून तें कसें होतें याची कल्पना आम्हांस चांगली आहे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. विहिरीची खरी पातळी लिहून दिली तर उद्यां तोच कागद आमच्यावर उलटेल, अशी भीति शेतकऱ्यास वाटते. ती निराधार नाहीं. म्हणून नोंदवही सोसायटीच्या ताब्यांत असावी, तीवर विहिरीच्या मालकाचें नांव न घालतां क्रमांक घालावा, आणि तिची नक्कल कोणास द्यावयाची हें सभेनें ठरवावें. तिसरा आक्षेप बड्या सभासदांचा, आणि तो तोंडानें कोणी बोलणार नाहीं. ज्यांचा ऊस जास्त तेच बहुधा संचालक. आपल्याच लागणीस आपण कात्री लावावी असा ठराव ते कशाला मांडतील? यास आमच्याजवळ युक्तिवाद नाहीं. मतपेटी गरीब सभासदाच्याही हातीं आहे, एवढें खरें.

आतां गांवोगांव छापील प्रश्नपत्रिका घेऊन येणाऱ्या संशोधकांविषयीं दोन शब्द. हीं मुलें-मुली हुशार असतात, उन्हातान्हांत फिरतात, आणि त्यांच्या विषयास आम्हीं वर नांवें ठेविलीं तरी त्यांच्या श्रमास ठेवीत नाहीं. पण शेतकऱ्यानें दोन तास बसून दिलेली माहिती ज्या प्रबंधांत जाते तो प्रबंध त्या शेतकऱ्याच्या गांवीं क्वचितच परत येतो. आणि आला तरी तो इंग्रजींत. सोसायट्यांनीं येथें थोडें कडक व्हावें. माहिती अवश्य द्यावी. परंतु आमच्या गांवच्या आंकड्यांची मराठी प्रत तीन महिन्यांच्या आंत सोसायटीच्या दप्तरांत ठेवावी, अशी अट लेखी घ्यावी. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांस आमची एक विनंति अशी कीं, ज्या कंपन्यांचे अहवाल छापून मिळतात त्यांचे गुण मोजण्यांत एक शक्ति खर्च होत असेल, तर तिच्या चौथ्या हिश्श्यानें त्यांनीं ज्या थळांत फड अजून चालतो, ज्या गांवीं ऊस न लावण्याचा ठराव टिकला, आणि ज्या गांवीं तो तिसऱ्याच वर्षीं मोडला, त्यांचा अभ्यास करावा. मोडलेल्या ठरावांची चौकशी विशेष करावी. तो कोणी मोडला, पहिल्या मोडणारास काय शासन झालें, आणि दुसरा केव्हां सुटला, हें कळलें तर आमच्या सोसायट्यांस पुष्कळ अंधारांत चांचपडावें लागणार नाहीं.

पर्जन्यमापक महाग नाहीं, आणि विहीर मापावयास गांठी मारलेली दोरी व तिच्या टोंकास वजन पुरतें. मापणारा मनुष्य मात्र विहिरीच्या मालकापैकीं नसावा व दर खेपेस तोच असावा. दोरी ओली होऊन ताणते, म्हणून दरवर्षीं ती टेपानें तपासावी. ज्या सोसायट्या येत्या सभेंत असा ठराव करतील त्यांनीं ठरावाची नक्कल आणि ऑक्टोबरचें पहिलें माप या मासिकाकडे पाठवावें. गांवाचें नांव छापूं नये अशी इच्छा असल्यास पत्रांत तसें स्पष्ट लिहावें, म्हणजे नुसते आंकडे छापतां येतील.